जनीच्या माहेरी, नामदेवाच्या गावी

गुरुवार, तेर

लातूरहून तेरला जायचं तर मुरूड, ढोकी करत जावं लागतं. ढोकीला उतरून काळीपिवळी धरली, तर तिच्यात आधीच इतकी माणसं की ड्रायव्हर दार धरून अर्धा बाहेर बसलेला. आत्याला पुढं जागा मिळाली. तिच्या वयाचा हा एक फायदा, असं ती म्हणते. ती लातुरात एका भजनी मंडळात टाळ घेऊन बसते, साठी केव्हाच ओलांडलीय आणि शेकड्यानं अभंग पाठ आहेत. निघायच्या आधीच तिनं मला बजावलं होतं, "चालता चालता मोबाइलमधून अर्थ वाचून दाखवायचा नाही."

बेत साधा होता. तेरचे गोरोबा, गंगाखेडची जनाबाई, औंढ्याला नामदेवांना भेटलेले विसोबा खेचर आणि शेवटी नर्सीचे नामदेव. ही सगळी तेराव्या-चौदाव्या शतकातली, एकमेकांच्या घरी जाणारी-येणारी माणसं. पंढरपूरनं त्यांना इतकं आपलंसं केलं की त्यांचे धागे आमच्या मराठवाड्यात अडकलेत, हे आमच्याच लोकांना आठवत नाही.

तेर म्हणजे जुनं तगर. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक पुस्तकात पैठणच्या जोडीनं या गावाचं नाव येतं, इथला माल गाड्यांनी भडोचच्या बंदराला जायचा. रामलिंगप्पा लामतुरे यांनी जन्मभर गोळा केलेल्या वस्तूंचं इथं सरकारी संग्रहालय झालंय. त्यात सातवाहनकाळातल्या भाजलेल्या मातीच्या मूर्ती बघताना एक गोष्ट डोक्यात बसली. गोरोबांच्या आधी हजार-बाराशे वर्षं या गावात कुणीतरी माती तुडवून, चाळून, साच्यात घालून माणसांचे चेहरे काढत होतं. एका मूर्तीच्या केसांचा अंबाडा तर असा की त्यातली प्रत्येक बट वेगळी दिसावी. गोरा कुंभार या गावात आभाळातून पडला नव्हता.

तेरणेच्या काठावर गोरोबांचं मंदिर आहे, गावात त्यांचं घर दाखवतात. गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, भजनात दंग होऊन माती तुडवताना स्वतःचं तान्हं पायाखाली आलं ती. आत्याला ती ऐकवत नाही. तिला आवडते ती मडक्यांची परीक्षा.

संतमंडळी गोरोबांच्या अंगणात बसली होती. मुक्ताईनं थापटणं बघून विचारलं, "काका, हे कशाला?" गोरोबा म्हणाले, "मडकं कच्चं की पक्कं, हे बघायला." "मग आमचीही बघा की." गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. सगळे गप्प बसले, नामदेव मात्र चिडले. निकाल लागला, हे मडकं कच्चं. मुक्ताई वयानं सगळ्यांत धाकटी आणि जिभेनं सगळ्यांत तिखट. तिनं नामदेवांना सुनावलेलं अभंगात आलंय:

अखंड जयाला देवाचा शेजार । कां रे अहंकार नाही गेला ॥
मान अपमान वाढविसी हेवा । दिवस असतां दिवा हातीं घेसी ॥

आत्या अंगणातल्या पारावर टेकली आणि म्हणाली, "चारचौघांत डोक्यात थापटणं हाणल्यावर कुणाला राग येणार नाही गं? नामदेव माणूस होता म्हणून रागावला."

मलाही तसंच वाटतं. कीर्तनात ही गोष्ट 'गुरूवाचून तरणोपाय नाही' याच्या दाखल्याला येते, नामदेवांची फजिती होते, लोक हसतात. पण गोष्ट टिकली ती फजितीमुळं. वारकऱ्यांनी आपल्या सगळ्यांत मोठ्या कीर्तनकाराला कच्चं म्हटलं आणि ते लपवून न ठेवता सातशे वर्षं गाऊन दाखवलं.

त्रिविक्रमाचं देऊळ उन्हं कलता बघितलं. विटांचं, मागून हत्तीच्या पाठीसारखं गोलाकार, फार जुनं. दारातल्या पोरानं आत्याला "आजी, चप्पल इथंच काढा" म्हणून सांगितलं आणि आत्याचा दिवस बिघडला. आजी म्हटलेलं तिला चालत नाही.

शुक्रवार, अंबाजोगाई

वाटेतला मुक्काम. योगेश्वरीचं दर्शन घेतलं, मुकुंदराजांच्या समाधीला जाऊन आलो. त्यांचा 'विवेकसिंधु' 1188 सालचा मानतात, म्हणजे ज्ञानेश्वरीच्याही शंभरेक वर्षं आधीचा. दासोपंतही इथलेच, 1551 ते 1615. त्यांनी गीतेवर 'गीतार्णव' लिहिला तो सव्वा लाख ओव्यांचा म्हणतात, आणि कागद पुरेना म्हणून की काय, एका लांबच लांब पासोडीवर 'पंचीकरण' लिहून काढलं.

"एवढं लिहिलं," आत्या म्हणाली, "पण म्हणतंय कोण?"

हे बोलणं अंबाजोगाईत मोठ्यानं करायचं नसतं. मी तिला चहाला नेलं.

शनिवार, गंगाखेड

परळीहून सकाळची गाडी मिळाली. डब्यात गुडघ्यावर बोचकं घेतलेल्या बाया, कोपऱ्यात हरभऱ्याचे डहाळे सोलत बसलेलं एक जोडपं. त्यांनी न विचारता मूठभर हरभरा आत्याच्या ओंजळीत टाकला. पौषातली थंडी अजून होती, पण कपाशीची शेवटची वेचणी चालू होती आणि उभ्या ज्वारीत पाखरं राखायला पोरं बसलेली.

गंगाखेडात गोदावरीचं पात्र चांगलंच रुंद आहे. गोदावरीला इथं गोदावरी कुणी म्हणत नाही, गंगाच. गाव स्वतःला दक्षिणकाशी म्हणवतं. नदीच्या बाजूला जनाबाईचं मंदिर आहे. गावात तिच्या नावाचं महाविद्यालयही आहे, आणि हे मला फार आवडलं, कारण जनीला लिहिता येत होतं असं कुठलीच परंपरा सांगत नाही. कोणत्या संताचं कोण लिहून घ्यायचं, याची यादी जनीच्याच एका अभंगात आहे. निवृत्तीचे बोल सोपानानं लिहिले, मुक्ताईची वचनं ज्ञानदेवानं, चोखोबांचे अभंग अनंतभट्टानं. आणि जनीचं? तिचा लेखनिक पांडुरंग. सगळ्यांना माणसं मिळाली, हिला देवच बसवावा लागला. लिहून घ्यायला दुसरं कोण बसणार होतं मोलकरणीपाशी?

जनीचं इथलं आयुष्य थोडंच. बाप दमा, आई करुंड. ती लहान असतानाच पंढरपूरला दामाशेटींच्या घरी गेली आणि तिथंच राहिली. ज्या घरात नामदेव वाढत होते त्या घरात ती कामाला. गंगाखेडची म्हणून तिची एकच ओळ मला पटते:

माय मेली बाप मेला । आतां सांभाळीं विठ्ठला ॥

यात काव्य म्हणावं असं काही नाही. घरातलं मोठं माणूस गेल्यावर दारात बसून बाई जे बोलेल तेच आहे.

मंदिरात बाया बसल्या होत्या. एकीनं विचारलं, "कुठनं आलाव माय?"

"लातूरहून."

"मंग म्हणा की एखादं."

आत्याला आग्रह लागत नाही. तिनं 'विठू माझा लेकुरवाळा' धरलं. ते सगळ्यांना येतं. खांद्यावर निवृत्ती, सोपानाचा हात धरलेला, पुढं ज्ञानेश्वर, मागं मुक्ताई, मांडीवर गोरा, कडेवर बंका आणि करंगळीला नामा. ऐकताना मला पहिल्यांदाच दिसलं की या चित्रात विठ्ठल पुरुष राहिलेलाच नाही. जत्रेत पाचसहा पोरं सांभाळणारी बाई झालाय. आणि त्या गर्दीत जनी स्वतः कुठंही नाही. ती बाजूला उभी राहून बघतेय.

मग भिंतीला टेकलेल्या एका म्हातारीनं, तिला दिसतही कमी असावं, टाळ न घेता सुरू केलं:

अरे विठ्या अरे विठ्या । मूळ मायेच्या कारट्या ॥

दोन तरण्या सुना तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. म्हातारीनं पर्वा केली नाही. पुढच्या कडव्यांत तर विठ्ठलाची बायको रंडकी होते, त्याचं मढं निघतं. शेवट असा:

उभी राहूनि अंगणीं । शिव्या देत दासी जनी ॥

"हे रोज म्हणता का?" मी विचारलं.

"रोज कामून? त्यानं तसं केलं तर म्हणायचं."

पाठ्यपुस्तकातली जनी आणि ही जनी यांची गाठ कधी पडलेली मला दिसली नाही. पुस्तकातली जनी गरीब, भोळी, दळता दळता हरी म्हणणारी. तिच्याबरोबर देव दळायला बसतो, केर भरतो, पाणी शेंदतो, आणि आपण म्हणतो, बघा देवाचं भक्तावर किती प्रेम! पण 'झाडलोट करी जनी । केर भरी चक्रपाणी' ही ओळ नीट वाचली तर त्यात कामाची वाटणी आहे. झाडणार मी, भरणार तू. देवाला तिनं हाताखाली घेतलंय. 'धरिला पंढरीचा चोर' मध्ये ती त्याच्या गळ्यात दोर बांधते आणि हृदयाच्या बंदिखान्यात कोंडते. ज्या बाईच्या स्वतःच्या मालकीचं काहीही नव्हतं, ती देवाबद्दल बोलताना सगळीकडे मालकिणीच्या आवाजात बोलते.

'डोईचा पदर आला खांद्यावरी । भरल्या बाजारी जाईन मी' हा अभंग तर आता गाण्यांच्या कार्यक्रमांतून सगळीकडे ऐकू येतो. 'आता मज मना कोण करी' ला टाळ्या पडतात. पण शेवटचं कडवं, 'जनी म्हणे देवा मी झालें येसवा । रिघालें केशवा घर तुझें' (येसवा म्हणजे वेश्या), शाळेच्या स्नेहसंमेलनात ऐकल्याचं मला आठवत नाही. बाजारात पाल ठोकून बसलेली बाई काय म्हणतेय ते त्या कडव्याशिवाय कळत नाही. लोक काय नाव ठेवणार ते तिला ठाऊक आहे, म्हणून ते नाव ती आधीच स्वतःला ठेवून मोकळी होते.

जनीच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत. सगळे तिचेच असतील असं अभ्यासकही म्हणत नाहीत. 'नामयाची जनी' ही मुद्रा शेवटी घातली की कुणाही बाईला आपलं गाऱ्हाणं देवापुढं मांडता येत होतं, आणि बायांनी ते केलंही असणार. जात्यावरच्या ओव्यांचा जो प्रचंड संग्रह हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगाव फिरून केला, लाखाच्या वर ओव्यांचा, त्यात जनी ठायी ठायी भेटते. बायांनी तिला मैत्रीण करून घेतलंय. मला तरी या सरमिसळीची अडचण वाटत नाही. आत्याला वाटते. म्हातारीच्या अभंगात एक कडवं इकडचं तिकडं झालं होतं, त्यावरून दोघींची चांगली जुंपली. शेवटी म्हातारी म्हणाली, "तुमच्या पुस्तकात तसं आसंल. माझ्या सासूचं आसं व्हतं." इथं आत्या पहिल्यांदा गप्प बसली.

दुपारी त्यांच्यातल्याच एकीच्या घरी जेवलो. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, वरून लसणाची फोडणी. परसात जातं होतं, अजून वापरातलं, पण हळद आणि डाळीपुरतं. पीठ गिरणीतून येतं. आत्यानं मला समोर बसवलं. खुंटा दोघींच्या हातात, तिचा हात खाली, माझा वर. डाव्या हातानं तोंडात वैरण घालायची, मूठभर, जास्त नाही, नाहीतर भरड पडते. पाळू नुकतीच टाकवलेली होती, फिरताना खर्रर्र असा कोरडा आवाज निघायचा आणि कडेनं पिवळं पीठ झिरपायचं.

"आता म्हण," ती म्हणाली.

मी 'डोईचा पदर' धरलं. जमेना. सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा तो मोठा अभंग, शेवटच्या चार अक्षरांवर ओढायची दिशा आणि श्वास यांचा मेळ बसेना. मग आत्यानं लहान अभंग घेतला, आठ-आठ अक्षरांचा, 'जनी जाय पाणियासी । मागें धावे हृषीकेशी'. एका फेऱ्यात एक चरण, बरोबर यमकावर खुंटा परत आपल्याकडे. जनीचे इतके अभंग लहान का आहेत, याचं उत्तर मला गाथेच्या कुठल्याही प्रस्तावनेत मिळालं नव्हतं. याला पुरावा म्हणत नाही मी, पण माझे दंड पुढं दिवसभर दुखत होते.

घरच्या बाईनं मग पदकाची गोष्ट सांगितली. विठ्ठल रात्री जनीकडे आला, पहाटे घाईत निघाला, आपला शेला आणि पदक तिथंच विसरला आणि तिची फाटकी वाकळ पांघरून गेला. देवळात बोंब झाली, पदक जनीकडे सापडलं, चोरी तिच्यावर आली. सुळावर द्यायला नेलं, तर सुळाचं पाणी झालं. कीर्तनात जोर सुळावर असतो. ही बाई मात्र वाकळेवर अडली होती. "देवाच्या आंगावर ठिगळाची वाकळ दिसली, तरी कुणाला इचारावं वाटलं न्हाई. जनीच्या घरात सोनं दिसलं की लगेच चोर!"

मी वही काढून हे वाक्य लिहून घेतलं. तिला त्याचं हसू आलं.

रविवार, परभणी

आराम. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं इथं लहान पोरगंही ऐकवतं. आत्याच्या मावसबहिणीकडे उतरलो होतो, धपाटे आणि दही खाऊन झोपलो. दोघी बहिणींनी रात्री दीडपर्यंत कुणाची जमीन कुणी लाटली याचा आढावा घेतला. संतांचा विषय निघाला नाही.

सोमवार, औंढा नागनाथ

सोमवारी औंढ्याला जाऊ नये असं सगळ्यांनी सांगितलं होतं. ज्योतिर्लिंग आणि वर सोमवार, रांग असणारच. होती. पण रांगेमुळं एक झालं, देवळाच्या बाहेरच्या भिंती निवांत बघता आल्या. खालचा भाग काळ्या दगडाचा, हत्तींच्या ओळी, देवता, नर्तकी, इतकं कोरीव की बोट ठेवायला कोरी जागा नाही. वरचा भाग पुढं केव्हातरी बांधलेला, पांढरा, अगदी वेगळ्या हाताचा. जोड लपवायचा कुणी प्रयत्नही केलेला नाही.

लिंग जमिनीखाली आहे. सभामंडपातून अरुंद पायऱ्यांनी खाली उतरायचं, आत ताठ उभंही राहता येत नाही. आत्याच्या गुडघ्यांनी आधी नकार दिला. मग मागच्या एका अनोळखी बाईनं तिला काखेत धरून उतरवलं. वर येताना ती बाई गर्दीत गेली, आभार मानायचे राहिले.

तेरला कच्चे ठरलेले नामदेव विठ्ठलाकडे रडत गेले, तेव्हा त्यांना गुरू करायला इकडं विसोबांकडे धाडलं अशी कथा. देवळात येऊन बघतात तर एक म्हातारा पिंडीवर पाय ठेवून झोपलेला. नामदेव संतापले. विसोबा म्हणाले, "बाबा, म्हातारपणानं पाय उचलत नाहीत. जिथं देव नसेल तिथं तूच ठेव." नामदेवांनी पाय उचलून जिथं जिथं ठेवले तिथं तिथं पिंडी उभी. हेच विसोबा आधी ज्ञानदेवांच्या भावंडांना छळणारे, मांडे भाजायला खापरही मिळू न देणारे. या सगळ्या गोष्टींत कुणीच आधीपासून पक्कं मडकं नाही.

पण औंढ्याची खरी गोष्ट देवळाच्या पाठीमागं आहे. इथं नंदी समोर नाही, मागं आहे. नामदेव इथं कीर्तन करत होते, त्यांना उठवलं, पाठीमागं जा म्हणाले. ते मागं जाऊन गाऊ लागले तर देऊळच त्यांच्याकडे फिरलं. नंदी होता तिथंच राहिला.

ही गोष्ट नामदेवांच्या स्वतःच्या शब्दांत आहे, आणि ती शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात आहे. तिथं नामदेवांची 61 पदं आहेत. त्यांतलं एक:

हसत खेलत तेरे देहुरे आइआ। भगति करत नामा पकरि उठाइआ॥

हसत-खेळत तुझ्या देवळी आलो, भक्ती करताना नाम्याला धरून उठवलं. मग तो विचारतो, यादवराया, माझी जात हीन, शिंप्याच्या जन्माला मी आलोच कशाला? आणि पुढची ओळ:

लै कमली चलिओ पलटाइ। देहुरै पाछै बैठा जाइ॥

घोंगडी उचलली, माघारी वळलो, देवळामागं जाऊन बसलो.

आत्याला पंजाबी येत नाही, पण हे कळायला पंजाबी लागत नाही. ती नंदीपाशी बराच वेळ उभी होती. म्हणाली, "घोंगडी उचलली, हे सांगायचं विसरला नाही बघ." चमत्कार नंतर झाला. आधी अपमान झाला आणि अपमान झालेल्या माणसाला आपण काय उचललं, कुठं बसलो हे नेमकं आठवत असतं. मराठी कीर्तनात देऊळ फिरल्याचं वर्णन अर्धा तास चालतं. ती घोंगडी मात्र मी तिकडच्या पदातच वाचली.

मंगळवार, नर्सी

हिंगोलीला मुक्काम करून सकाळी नर्सीला गेलो. वाटेत हळदीची शेतं, पानं पिवळी पडत आलेली. गाव कयाधू नदीच्या काठी. नामदेवांचा जन्म 1270 चा, कार्तिक शुद्ध एकादशीचा. काही अभ्यासक जन्मगाव पंढरपूर मानतात, पण हा वाद नर्सीत काढून बघा!

इथं नामदेवांची वस्त्रसमाधी आहे. देहाची समाधी पंढरपूरला, विठ्ठल मंदिराच्या महाद्वारातली नामदेव पायरी, 1350 सालची. शीख भाविकही इथं येतात, नांदेड जवळ असल्यामुळं बरेच, आणि गावात गुरुद्वाराही आहे. नामदेव पंजाबात घुमानला अनेक वर्षं राहिले, 2015 साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथं भरलं होतं. पगडीवाले एक सरदारजी हात जोडून उभे होते आणि त्यांच्या शेजारी गांधी टोपीतले एक आजोबा. दोघांचे ओठ हलत होते. काय म्हणत होते ते ऐकू आलं नाही.

ते आजोबा मग आमच्याशी बोलले. ते परतवारीचे वारकरी. आषाढीला पंढरपूर करायचं आणि नंतरच्या वद्य एकादशीला नर्सीला यायचं, तेव्हा वारी पूर्ण झाली म्हणायची. त्या दिवशी इथं पाय ठेवायला जागा नसते. "विठोबाला भेटून झालं की नामदेवाला सांगायला यावंच लागतं, भेट झाली म्हणून," ते म्हणाले.

आत्यानं त्यांना सांगितलं की आपण सगळेच नामदेवांना रोज म्हणतो, फक्त कळत नाही. 'युगे अठ्ठावीस विटेवरी उभा' नामदेवांची. 'घालीन लोटांगण' चं पहिलं कडवंही त्यांचंच, शेवटी 'भावें ओवाळीन म्हणे नामा' येतं. गणपतीत अख्खा महाराष्ट्र ते घाईघाईनं उरकतो. आजोबांना हे अर्थातच माहीत होतं, पण त्यांनी माहीत नसल्यासारखं ऐकून घेतलं.

मी मंदिरात शोधत होते ते नामदेवांचं घर. आई गोणाई, बायको राजाई, सुना, पोरं, माणसांनी भरलेलं घर. ते सापडलं आत्याच्या तोंडी, आणि तेही जनीच्या शब्दांत:

गोणाई राजाई दोघी सासू-सुना । दामा नामा जाणा बापलेक ॥
नारा विठा गोंदा म्हादा चौघे पुत्र । जन्मले पवित्र त्याचे वंशी ॥
लाडाई गोडाई येसाई साखराई । चौघी सुना पाही नामयाच्या ॥
लिंबाई ते लेकी आऊबाई बहिणी । वेडी पिशी दासी त्याची जनी ॥

नामदेवांनी ज्ञानदेवांच्या समाधीचं हृदय पिळवटणारं वर्णन केलं, तीर्थयात्रा सांगितल्या, जग सांगितलं. त्यांच्या चारही सुनांची नावं ओळीनं लावली ती जनीनं. यातल्या लाडाईबद्दल परंपरा सांगते की घरातल्या सगळ्यांनी एकत्र समाधी घेतली तेव्हा ती बाळंतपणाला माहेरी होती, म्हणून मागं राहिली. आणि या यादीत शेवटी जनी स्वतःला घालते. वेडी, पिशी, दासी, पण घरातली. 'विठू माझा लेकुरवाळा' मध्ये नसलेली जनी इथं आहे.

आजोबा म्हणाले, "पुन्हा म्हणा माय." आत्यानं पुन्हा म्हटलं, या वेळी एकेका नावाला एकेक बोट मिटत. दोन्ही हातांची बोटं संपली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

"पंधरा," ती म्हणाली. "पंधरा तोंडं. येणारे-जाणारे संत वेगळे. आणि ते कधी एकटे आलेत का? एकेका माणसाला दोन भाकरी धरा."

"दोन? कष्टाच्या माणसाला तीन लागतात," आजोबा म्हणाले.

"बरं तीन. दोन वेळच्या नव्वद. किती पीठ झालं?"

आजोबांनी पायलीत हिशेब सुरू केला, आत्यानं किलोत, आणि दोघांचा मेळ बसेना. सरदारजींनी आमच्याकडे बघून काय चाललंय असं खुणेनं विचारलं. मी त्यांना हिंदीत सांगितलं, जनाबाई किती दळत होती ते काढतायत. त्यांनी गंभीरपणे मान हलवली.

"आणि त्यात देवाचं धरलं का?" आजोबांनी विचारलं.

"तो तर दळू लागत होता. म्हणजे जेवूनच जाणार की," आत्या म्हणाली. "त्याच्या चार धरा."

हिंगोलीची बस फाट्यावर येऊन उभी होती. हिशेब बसमध्ये पूर्ण झाला.